रोजचा हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की बँका उघडण्याआधीच दारात रांग दिसू लागते. हातात कापडी पिशवी, पिशवीत पासबुक, पीपीओची झेरॉक्स आणि आधार कार्ड. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा हा महिना. ८० वर्षांपुढच्या निवृत्तांना केंद्राने ऑक्टोबरपासूनच ही मुभा दिली आहे. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आली आणि आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. तरीही अनेकांना बँकेत जाऊन सही केल्याशिवाय चैन पडत नाही. पद्धत कोणतीही असो, हे काम सहसा चुकत नाही. गुडघे दुखत असोत, मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले असो, दाखला वेळेत जातो.

याच मंडळींच्या घरात दुसरी काही कामे वर्षानुवर्षे पडून असतात. बाथरूममध्ये आधाराला दांडी बसवायची असते. घराची एक किल्ली शेजारी ठेवायची असते. रात्री उठल्यावर उजेड असावा म्हणून एक छोटा दिवा लावायचा असतो. 'एकदा करून टाकू' असे म्हणत दोन-तीन दिवाळ्या उलटतात. ही माणसे आळशी नाहीत. वीजबिल मुदतीच्या चार दिवस आधी भरणारी, औषधांच्या डब्या वारांप्रमाणे लावून ठेवणारी माणसे आहेत. मग हीच कामे का राहतात?

सरकारी रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करताना या प्रश्नाचे परिणाम माझ्यासमोर येतात. घरात एकटे असताना पडलेले, पक्षाघाताचा झटका आलेले, साखर उतरून बेशुद्ध झालेले ज्येष्ठ कॅज्युअल्टीत आणले जातात. आजार तोच असतो, पण तो कुणाच्या लक्षात यायला दोन तास लागले की दोन दिवस, यावर पुढचे सगळे ठरते. वर्षातून एकदा 'तुम्ही हयात आहात का?' असे विचारणारी यंत्रणा आपल्याकडे पक्की आहे. 'तुम्ही आज सकाळी ठीक आहात का?' असे रोज विचारणारे मात्र अनेकांना कुणीच नाही.

एकटे म्हणजे नेमके कोण?

२०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरील लोक सुमारे १० कोटी ४० लाख होते. २०२१ साठीचा सरकारी अंदाज सुमारे १३ कोटी ८० लाखांचा होता. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ज्येष्ठांच्या परिस्थितीची देशव्यापी पाहणी केली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. साठीपुढच्या शंभरातील सुमारे सहा जण एकटे राहतात आणि सुमारे वीस जण फक्त जोडीदाराबरोबर, असे तिच्यात दिसले. एकट्या राहणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे. नवरा वयाने मोठा आणि बायकांचे आयुष्य थोडे अधिक, हा हिशेब उघड आहे. आज 'आम्ही दोघे आहोत' म्हणणाऱ्या वीसमधल्या जवळपास प्रत्येक जोडीतला एक जण कधी तरी एकटा होणार आहे, हेही तितकेच उघड आहे.

पण हे आकडे चित्राचा एकच भाग दाखवतात. मुलगा-सून सकाळी साडेआठला कामावर जातात आणि रात्री आठला येतात, नातू शाळेतून परस्पर क्लासला जातो. अशा घरातले आजोबा पाहणीत 'कुटुंबासह राहणारे' म्हणून मोजले जातात. प्रत्यक्षात ते दिवसाचे अकरा तास एकटे असतात. पतीला डायलिसिसला कुणी घेऊन गेले की मागे राहिलेली पत्नी त्या पाच तासांपुरती एकटी असते. गावाकडे दोघे भाऊ पुण्या-मुंबईला आणि आई शेतातल्या घरात, हे तर कोकणात आणि देशावर सर्रास दिसते. म्हणून या विषयात 'एकटे राहणारे' यापेक्षा 'एकटे असणारे' हा शब्द अधिक योग्य आहे.

हे दुर्लक्ष कुठवर जाऊ शकते, याचा आरसा जपानने जगासमोर धरला आहे. तिथल्या राष्ट्रीय पोलिस यंत्रणेच्या माहितीनुसार २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत ३७,२२७ एकटी राहणारी माणसे घरात मृतावस्थेत आढळली. त्यातली सत्तर टक्क्यांहून अधिक ६५ किंवा त्याहून जास्त वयाची होती. जवळपास चार हजार जणांचा पत्ता महिन्याहून अधिक काळ लागला नव्हता. आपल्याकडे असे मोजमाप होत नाही. पण बंद फ्लॅटमध्ये कित्येक दिवसांनी, एखाद्या वेळी कित्येक महिन्यांनी मृतदेह सापडल्याच्या बातम्या मुंबई-पुण्यातल्या वाचकांना नव्या नाहीत.

पडण्यानंतरचे तास

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. पण पडण्याइतकेच महत्त्वाचे असते ते पडून राहणे.

१९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचा एक अभ्यास आला. घरात असहाय किंवा मृत अवस्थेत सापडलेल्या माणसांच्या, बारा आठवड्यांतल्या ३८७ घटना डॉक्टरांनी तपासल्या. त्या माणसांचे मधले वय ७३ होते. जवळपास चौथा हिस्सा सापडला तेव्हाच मृत होता. ज्यांना तासाभराच्या आत मदत मिळाली असावी, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते. जे तीन दिवसांहून अधिक काळ पडून होते, त्यांच्यात ते ६७ टक्के होते.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. कडक फरशीवर एकाच कुशीवर तासन् तास पडून राहिले की दाबाखालचे स्नायू मरू लागतात. त्यांतून सुटणारे द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाते आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागते. पाणी पोटात जात नाही, त्यामुळे हे आणखी वेगाने होते. पाठीवर, टाचांवर, खुब्यावर जखमा सुरू होतात. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्या चुकतात. खुब्याचे मोडलेले हाड एरवी दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून बसवता आले असते. आता आधी मूत्रपिंड आणि छाती सावरावी लागते आणि शस्त्रक्रिया लांबते.

पक्षाघातात तर मिनिटांचा हिशेब असतो. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून कॅज्युअल्टीत आमचा पहिला प्रश्न असतो, 'यांना शेवटचे ठीकठाक कुणी आणि कधी पाहिले?' एकट्या माणसाबरोबर आलेले शेजारी एकमेकांकडे पाहतात. 'परवा जिन्यात भेटले होते बहुतेक.' या उत्तराने बऱ्याचदा ते इंजेक्शन देण्याची वाट बंद होते. मेंदूचे स्कॅन करून काही रुग्णांबाबत वेगळा निर्णय घेता येतो, पण ती सोय सगळीकडे नाही. हात-पाय वाचण्याची शक्यता अशा वेळी केवळ वेळ माहीत नसल्यामुळे हातची जाते.

अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र केल्या तर साधारण एकच गोष्ट तयार होते. वय पंचाहत्तरच्या आसपास. पहाटे लघवीला उठायचे, अंधारात चपला चाचपडायच्या, झटकन उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून भोवळ यायची. बाथरूमच्या दारात पाय घसरतो. फोन पलंगाजवळ चार्जिंगला लावलेला असतो. सहाला दूधवाला पिशवी अडकवून जातो. पेपर दारात पडतो. नऊला कामवाली येते, दोनदा बेल वाजवते, 'आजी लेकीकडे गेल्या असतील' म्हणून पुढच्या घरी जाते. मुलगी रात्री फोन करते, उचलला जात नाही, तिला वाटते झोपली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी दार तोडले जाते. या गोष्टीत कुणी निष्ठुर नाही. प्रत्येकाला काहीतरी वेगळे दिसले होते. पण ते दिसल्यावर पुढे काय करायचे, हे कुणालाच सांगितलेले नव्हते.

टाळाटाळीचे अर्थशास्त्र

आता मूळ प्रश्न, की ही कामे राहतात का? त्याचे एक मार्मिक उत्तर एका अर्थतज्ज्ञाने दिले आहे आणि त्याचा धागा भारतातच आहे. जॉर्ज अकेरलॉफ वर्षभर भारतात राहत होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटायला आले आणि विमानातील सामानाच्या मर्यादेमुळे कपड्यांचे एक खोके मागे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवून द्यायचे होते. आपल्याकडची पार्सलची खटपट म्हणजे एक दिवस जाणार, हे ठाऊक असल्याने अकेरलॉफ रोज सकाळी ठरवत, की खोके उद्या पाठवायचे. असे आठ महिन्यांहून अधिक काळ चालले. पुढे २००१ मध्ये या दोघांनाही अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९१ च्या आपल्या निबंधात अकेरलॉफ यांनी या खोक्यावरून टाळाटाळीचे गणित मांडले. आज करण्याचा त्रास स्पष्ट दिसतो. एक दिवस लांबवण्याचा तोटा नगण्य वाटतो. रोजचा निर्णय त्या दिवसापुरता शहाणपणाचा असतो, पण आठ महिन्यांची बेरीज मूर्खपणाची होते.

बाथरूममधली दांडी ही आपली घरोघरची खोकी आहे. प्लंबरला फोन करा, तो येणार सांगून येणार नाही, टाइलला भोक पाडताना ती तडकेल, धूळ होईल. हा त्रास आजचा आहे. पडण्याची शक्यता मात्र 'आज'पुरती खरोखरच थोडी असते. शिवाय या कामाला शेवटची तारीख नाही. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. दांडी बसवली नाही तर उद्या सकाळी काहीच होत नाही, आणि परवाही नाही.

याच्या जोडीला मनातली काही कारणे असतात. किल्ली शेजाऱ्याला देणे म्हणजे आपण आता थकलो, असे कबूल करण्यासारखे वाटते. 'उगाच कुणाला त्रास कशाला' हा आपल्याकडचा सोज्वळ संस्कार आड येतो. अभद्र बोलू नये, म्हणून पडलो तर काय, हा विषयच घरात निघत नाही. आणि सर्वांत खोल भीती वेगळीच असते. पडल्याचे कळले तर मुले 'आता इथे एकटे राहायचे नाही' म्हणतील, आपले घर सुटेल. त्यामुळे कपाळावरचा टेंगूळ 'कपाटाचे दार लागले' म्हणून सांगितला जातो. ओपीडीत जवळचे नातेवाईक बाहेर गेल्यावर 'गेल्या सहा महिन्यांत किती वेळा पडलात?' असे विचारले, तर आकडा बदलतो.

या भीतीला माझे उत्तर असे आहे. आपल्या घरात शेवटपर्यंत राहायचे असेल, तर ही व्यवस्था त्या इच्छेच्या बाजूची आहे. मुलांचा आग्रह बहुधा काळजीतून येतो आणि काळजी माहिती नसल्याने वाढते. रोज सकाळी आठला आई ठीक असल्याचे कळते आणि न कळल्यास खाली राहणाऱ्या काकू दहा मिनिटांत दार उघडून पाहतात, एवढे माहीत असलेला मुलगा आईला हलवण्याची घाई करणार नाही.

बटन दाबणारे हात

सध्या या विषयावर उपकरणांचा बाजार तेजीत आहे. गळ्यात घालायची बटने, पडल्यावर आपोआप संदेश पाठवणारी घड्याळे, घरात कॅमेरे. परवडत असेल तर त्यांचा उपयोग आहे. पण त्यांच्या भरवशावर निर्धास्त होण्याआधी इंग्लंडमधील केंब्रिजचा एक अभ्यास लक्षात घ्यावा. २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो प्रसिद्ध झाला. नव्वदीपुढच्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवले गेले. त्यांतले ६० टक्के पडले. पडलेल्यांपैकी ८० टक्के निदान एकदा तरी स्वतःहून उठू शकले नाहीत आणि ३० टक्के तासाभराहून अधिक काळ जमिनीवर पडून होते. अनेकांकडे मदतीसाठी बटन होते. तरीही जे फार वेळ पडून राहिले, त्यांनी बहुतेक वेळा ते वापरलेच नाही. कुणाच्या अंगावर ते नव्हते, कुणाला ते दाबता आले नाही, कुणाला दाबावेसे वाटले नाही.

यातून निघणारा धडा सोपा आहे. ज्याला मदत हवी आहे, त्यानेच ती मागावी लागते अशी व्यवस्था ऐन वेळी तोकडी पडते. पक्षाघातात बोलता येत नाही, बेशुद्धीत बटन दाबता येत नाही. म्हणून व्यवस्था उलटी हवी. रोज ठरावीक वेळी एक खूण मिळावी आणि ती मिळाली नाही, की समोरच्याने आपण होऊन हालचाल करावी. जपानमध्ये झोजिरुशी या कंपनीने २००१ मध्ये अशी इलेक्ट्रिक किटली आणली. आईने सकाळी चहासाठी किटली वापरली, की दूर राहणाऱ्या मुलाला तसे कळते. आईला वेगळे काहीच करावे लागत नाही.

आपल्याकडे अशी किटली घरोघर आधीपासून आहे, फक्त ती आपण चेष्टेवारी नेली आहे. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारा फुलांचा 'शुभ सकाळ' हा रोजचा हयातीचा दाखलाच आहे. अडचण एवढीच, की तो शंभर जणांच्या ग्रुपवर जातो आणि एखाद्या दिवशी आला नाही तर कुणाच्याच ध्यानात येत नाही. तोच संदेश एका ठरलेल्या माणसाला, ठरलेल्या वेळेआधी गेला आणि न आल्यास त्याने काय करायचे हे ठरलेले असले, की त्याची सुरक्षाव्यवस्था होते. फोन साधा असेल तर एक मिस्ड कॉल पुरतो. फोनच नको असेल तर सकाळी बाल्कनीचा पडदा उघडणे किंवा दारातला पेपर आत घेणे ही खूण ठरवता येते. दुपारी बारापर्यंत पेपर दारातच दिसला तर बेल वाजवायची, एवढे समोरच्या घराला सांगून ठेवायचे.

या व्यवस्थेचे तीन भाग पक्के हवेत. खूण किती वाजेपर्यंत द्यायची, ती कोण पाहणार, आणि न मिळाल्यास पुढची पायरी कोणती. नऊपर्यंत संदेश नाही तर फोन. दोनदा फोन उचलला नाही तर शेजाऱ्याने बेल वाजवायची. बेलला उत्तर नाही तर किल्लीने दार उघडायचे. दार उघडत नसेल तर ११२. बाहेरगावी जाताना आधी कळवायचे, ही ज्येष्ठांची जबाबदारी. आणि चुकून कधी शेजारी धावत आले व आपण आंघोळीत होतो, तर रागवायचे नाही. वर्षातून दोनदा असे झाले तर व्यवस्था चालू आहे, असे समजावे.

चोर, कडी आणि किल्ली

इथे एक खरा पेच आहे. एकट्या ज्येष्ठाला चोराची भीती असते आणि ती निराधार नाही. म्हणून रात्री लॅच, त्यावर आतून कडी, वर आणि खाली बोल्ट, बाहेर सेफ्टी डोअरला कुलूप असा बंदोबस्त होतो. मग शेजाऱ्याकडे किल्ली असूनही दार उघडत नाही. चोराला रोखणारी व्यवस्था मदतीलाही रोखते. उपाय असा, की एकच पण भक्कम आणि बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच बसवावे, दाराला पीपहोल असावे, दिवसा आतली कडी लावू नये आणि बाथरूमचे दार एकटे असताना आतून कधीच लावू नये. किल्ली एकाच घरी न ठेवता दोघांकडे द्यावी, त्यातला एक जण चालत पाच मिनिटांवर असावा.

आणि आजचा चोर बहुतेक वेळा दारातून येतही नाही. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली ज्येष्ठांना तासन् तास, कधी दिवसेंदिवस व्हिडिओ कॉलवर अडकवून लाखो रुपये लुबाडले जात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये याबद्दल सावध केले होते. असे अटक करण्याची तरतूद कायद्यात नाही. या फसवणुकीचा पाया एकच आहे, की त्या माणसाने या काळात दुसऱ्या कुणाशी बोलता कामा नये. रोज सकाळी ज्याच्याशी संपर्क होतो असे माणूस असेल, तर हा पायाच ढासळतो. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि तो जितक्या लवकर फिरवला जाईल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

तारीख टाका

टाळाटाळीवर उपदेशाचा उपयोग होत नाही, तारखेचा होतो. अमेरिकेतील एका कंपनीत फ्लूच्या लसीबाबत झालेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला लसीकरणाच्या वेळा कळवल्या. दुसऱ्या गटाला त्याच पत्रात 'तुम्ही कोणत्या तारखेला, किती वाजता जाणार ते इथे लिहा' असा रकाना दिला. तो कुणाला दाखवायचा नव्हता, तरीही लस घेणाऱ्यांचे प्रमाण चार टक्क्यांनी वाढले. रकान्याचा खर्च जवळजवळ शून्य होता.

तेव्हा कॅलेंडर काढा आणि चार कामांपुढे वार आणि वेळ लिहा. पहिले, रोजच्या खुणेचा माणूस ठरवणे. यासाठी एक फोन पुरतो. दुसरे, दोन किल्ल्या करून देणे. तिसरे, घर. बाथरूममध्ये कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी भिंतीत घट्ट बसवलेली दांडी, न घसरणारी चटई, आंघोळीला स्टूल, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हलवणे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेतो. चौथे, एक कागद. त्यावर नाव, वय, आजार, चालू गोळ्या, अॅलर्जी, डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा फोन. रक्त पातळ करणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते मोठ्या अक्षरात. हा कागद फ्रिजवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आम्हा डॉक्टरांचा पहिला अर्धा तास तो वाचवतो.

फोन अंगावर ठेवण्याची सवयही हवी. गळ्यात छोटी पिशवी अडकवली तरी चालते. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटन झटपट पाच वेळा दाबले की आणीबाणीचा फोन लावण्याची सोय असते. ती चालू आहे का आणि फोन कुणाला जातो, हे नातवाकडून एकदा पाहून घ्यावे. पलंगावरून उठताना मिनिटभर बसून मगच उभे राहावे. भोवळ येत असेल किंवा वर्षात एकदा जरी पडला असाल, तर ते डॉक्टरांना सांगावे. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस बदलून काही पडणी टाळता येतात. पडलातच, तर लगेच उठण्याची धडपड करू नका. खुबा किंवा मान दुखत नसेल तर कुशीवर वळून, रांगत एखाद्या भक्कम खुर्चीपर्यंत जा. उठता येत नसेल तर हाताला येईल ती चादर अंगावर ओढा, थोड्या थोड्या वेळाने कूस बदला आणि दारावर किंवा जमिनीवर भांडे आपटत राहा.

यादी कागदावरच नको

ही सगळी जबाबदारी ज्येष्ठांच्याच डोक्यावर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. टाळाटाळ मुलेही करतात. 'पुढच्या वेळी आलो की बाथरूमचे बघू' हे वाक्य परदेशातून येणाऱ्या मुलाच्या प्रत्येक भेटीत पुढे ढकलले जाते. दूर राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचा आणि वॉचमनचा नंबर आज आपल्या फोनमध्ये आहे का, एवढे तरी पाहावे. गृहनिर्माण सोसायटीच्या सभांमध्ये पार्किंगवर दोन तास चर्चा होते. कोणत्या घरात कोण ज्येष्ठ दिवसा एकटे असतात, याची यादी सचिवांकडे असावी, हा ठराव पाच मिनिटांत होऊ शकतो. ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे महाराष्ट्रात मोठे आहे. सदस्यांच्या जोड्या लावून एकमेकांना रोज सकाळी फोन करण्याची पद्धत प्रत्येक संघाला विनाखर्च सुरू करता येईल.

आणि सरकार. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील आदर्श नियमावलीत प्रत्येक पोलिस ठाण्याने हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची अद्ययावत यादी ठेवावी आणि महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यावी, असे म्हटले आहे. नियम चांगला आहे. पण यादीत नाव घालायला ज्येष्ठाने ठाण्यात जावे, ही अपेक्षा टाळाटाळीला आमंत्रण आहे. नोव्हेंबरमध्ये लाखो ज्येष्ठ आपण होऊन बँकेत येतात किंवा मोबाइलवर दाखला भरतात. त्याच वेळी 'तुम्ही एकटे राहता का? पोलिस ठाण्याच्या यादीत नाव द्यायचे का?' असे दोन प्रश्न विचारले आणि संमती देणाऱ्यांची नावे पुढे कळवली, तर यादी दरवर्षी आपोआप ताजी होईल. ज्यांना पेन्शन नाही, त्यांच्यापर्यंत आशा सेविका पोहोचू शकतात, मात्र त्या कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळायला हवा. 'एल्डर लाइन' १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सल्ला आणि मदतीसाठी सकाळी आठ ते रात्री आठ चालते. तातडीच्या वेळी मात्र ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हेच लावावे.

पेन्शनच्या दाखल्याची मुदत ३० नोव्हेंबर आहे. या चार कामांनाही हीच तारीख लावून घ्या. त्यातले पहिले आजच होण्यासारखे आहे. पेपरची घडी घालण्याआधी ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा शेजाऱ्याला किंवा मित्राला फोन लावा आणि विचारा, 'उद्यापासून रोज सकाळी मी तुम्हाला एक मिस्ड कॉल देईन. नऊपर्यंत आला नाही तर येऊन बघाल का?'